कुरणाची विक्री : लेवीय पंचविसाव्या अध्यायाचा अभ्यास

शास्त्रपाठ : लेवीय २५:१-३४, गणना ३५:१-८, प्रेषितांची कृत्ये ४:३२ ते ५:११



काही महिन्यांपूर्वी भिलाईतील आमची प्रार्थनासभा आटोपल्यावर एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला एक कागद दाखविला. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत असतात. त्यांनी गंमत म्हणून तेथील एक जाहिरात पाठविली होती. हजारो एकर कुरण, त्यावर चरणारी गुरे, गोठे, विहिरी, तारेचे कुंपण आणि लागूनच हरणांच्या शिकारीचे रान, असे सारे एकत्र विकणे आहे, असा तिचा आशय. "सर, याला मराठीत काय म्हणायचे?" असा बंधूंचा पहिला प्रश्न होता. 'रँच' हाच शब्द आपल्याकडे रूढ झाला आहे, असे सांगून मी सुटलो. दुसऱ्या प्रश्नातून मात्र सुटका झाली नाही. "अशी विक्री पवित्र शास्त्रात कोठे आहे काय?" त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता हा अभ्यास सिद्ध झाला आहे.

आपल्या देशात अशी जाहिरात आज निघू शकणार नाही. शेतजमीन किती बाळगावी याला कमाल मर्यादा आहे. मध्य प्रदेशात तो कायदा १९६० साली आणि महाराष्ट्रात १९६१ साली झाला. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला विकण्यावर छत्तीसगडात कडक निर्बंध आहेत. शिकारीचे रान विकण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही, कारण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ मधील दुरुस्ती यांनी शिकारीचा छंद संपविला. तो अंमळ उशिरा संपला, असे आम्हा छत्तीसगडवासीयांना वाटते. भारतातील अखेरचे तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानात, म्हणजे आजच्या छत्तीसगडच्या उत्तर भागात, तेथील महाराजांच्या बंदुकीने मारले गेले, अशी नोंद आहे. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि २०२२ च्या सप्टेंबरात आठ चित्ते नामिबियातून विमानाने आणावे लागले. रानाचा धनी रानातील जिवांचाही धनी असतो, या समजुतीची ही किंमत आहे.

परंतु कुरण, रान, गुरे आणि वसलेली माणसे यांसह मोठा मुलूख एका हाती येण्याचा प्रसंग आपल्या मंडळीच्या इतिहासात घडलेला आहे, आणि तोही याच प्रांतात. जर्मनीत जन्मलेले मिशनरी ऑस्कर लोर हे प्रथम छोटा नागपुरात गोस्नर मिशनमध्ये काम करीत होते. १८५७ च्या उठावात ते देश सोडून अमेरिकेस गेले. तेथील जर्मन इव्हँजेलिकल मिशनरी सोसायटीच्या वतीने ते १८६८ साली पुन्हा भारतात आले व रायपूरच्या उत्तरेस त्यांनी दीड हजार एकरांहून अधिक पडीक जमीन विकत घेतली. त्या वसाहतीला त्यांनी विश्रामपूर असे नाव दिले. लोक तिला बिसरामपूर म्हणतात. (सरगुजा भागातील कोळशाच्या खाणींचे बिश्रामपूर ते हे नव्हे.) त्या काळच्या मध्य प्रांतात गावाची मालकी, सारावसुली आणि पडीक रानावरील ताबा हे मालगुजाराकडे असत. अशा रीतीने मिशन हे गावाचे मालगुजार झाले. ख्रिस्ती कुळे ज्याच्याकडून उपदेश ऐकत, त्यालाच खंडही देत. गुरे कोठे चारावीत आणि लाकूड कोठून आणावे याचा निवाडाही तोच करी. मालगुजार आणि मेंढपाळ ही दोन कामे एका माणसाने करावीत हे मला आजही अवघड वाटते. मिशनऱ्यांच्या हेतूविषयी मला संशय नाही. तरीही ज्याच्या हाती कुरण आहे त्याच्यापुढे मनुष्य मोकळेपणाने 'नाही' म्हणू शकत नाही, हे खरे. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालगुजारी नाहीशी झाली व ३१ मार्च १९५१ पासून तो अंमलात आला.

लोर ज्यांच्यामध्ये सुवार्ता घेऊन आले ते सतनामी लोक होते. गुरू घासीदास यांच्या नावे जी शिकवण सांगितली जाते तिच्यात गाईला नांगराला जुंपू नये आणि दुपारनंतर बैलांना नांगराला लावू नये, असे दोन नियम आहेत. निर्गम २३:१२ ज्याने वाचले आहे त्याला यात ओळखीचा सूर ऐकू येईल. तेथे सातव्या दिवशी विसावा घ्यावयाचा तो बैल व गाढव यांना विश्रांती मिळावी म्हणून, असे कारण दिले आहे; दासीपुत्राचे आणि परक्याचे नाव बैलानंतर येते. विश्रामपूर हे नाव ठेवणाऱ्यांनी आणि त्या गावात नांगर धरणाऱ्यांनी या एका वचनावर एकत्र बसून बोलायला हवे होते, असे मला फार वाटते.

आता शब्दांकडे वळू, कारण भाषांतर करणाऱ्याला विचार तेथूनच सुरू करावा लागतो.

इब्री भाषेत गुराढोरांना 'मिक्ने' म्हणतात आणि खरेदीला 'मिक्ना'. दोन्ही शब्द 'काना', म्हणजे मिळविणे, विकत घेणे, या एकाच धातूपासून आले आहेत. यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात जे खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवले जाते त्याच्या नावातही 'मिक्ना' हाच शब्द आहे. ग्रीक भाषेतही असेच आहे: 'क्तेनोस' म्हणजे जनावर, 'क्तेमा' म्हणजे मालमत्ता, आणि दोहोंचे मूळ एक. मार्काच्या दहाव्या अध्यायातील जो तरुण खिन्न होऊन निघून गेला, त्याच्यापाशी हीच 'क्तेमा' पुष्कळ होती. आपण 'पशुधन' आणि 'गोधन' म्हणतो तेव्हा आपणही त्याच वाटेने चाललेले असतो. म्हणजे जनावर हीच माणसाची पहिली संपत्ती होती, आणि संपत्ती म्हटले की विक्री आलीच.

रानासाठी इब्री शब्द आहे 'सादे'. कोशात त्याचा अर्थ 'शेत' असा पहिल्याने दिलेला असतो. पण एसाव हा सादेतला मनुष्य होता असे उत्पत्ती २५:२७ सांगते, तेव्हा तो काही शेतकरी नव्हता, शिकारी होता. वन्य पशूंनाही इब्रीत सादेतील पशू असेच म्हणतात. इंग्रजीला येथे एका शब्दाचे दोन करावे लागतात. मराठीला मात्र देवाने एक नेमका शब्द दिलेला आहे: रान. देशावरचा शेतकरी 'रानात जातो' म्हणजे शेतावर जातो आणि 'रानडुक्कर' म्हणताना तोच शब्द जंगलासाठी वापरतो. नांगरलेली भुई आणि न नांगरलेली भुई यांमध्ये आपल्या भाषेने कुंपण घातलेले नाही, आणि मोशेच्या नियमशास्त्रानेही नाही.

तिसरा शब्द 'मिग्राश'. लेव्यांना नेमून दिलेल्या अठ्ठेचाळीस नगरांभोवती त्यांच्या गुरांसाठी जी मोकळी जागा राखून ठेवायची होती, तिचे हे नाव (गणना ३५:२-७). हाकणे या अर्थाच्या धातूपासून तो आला असावा, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे जेथे गुरे हाकून न्यायची ती जागा. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात याला शहराचे उपनगर म्हटले आहे. भिलाईच्या सेक्टरांत राहणाऱ्या वाचकाच्या मनात त्यामुळे क्वार्टरांच्या रांगा उभ्या राहतील, गाई नव्हेत! 'गायरान' हा शब्द मला अर्थाने सर्वांत जवळचा वाटतो. मात्र आज तो सरकारदरबारी एका विशिष्ट प्रकारच्या जमिनीसाठी वापरला जात असल्याने मी त्याऐवजी 'चराईचे रान' असे सुचवितो. त्याचे मापही दिले आहे. वेशीबाहेर हजार हात, आणि पुढच्याच वचनात प्रत्येक दिशेला दोन हजार हात. या दोन आकड्यांचा मेळ घालताना टीकाकारांची पिढ्यान्‌पिढ्या दमछाक झाली आहे. एक हात म्हणजे सुमारे दीड फूट धरला तर दोन हजार हात लांबीरुंदीचा चौरस ढोबळमानाने दोनशे एकरांचा होतो. विश्रामपूरच्या मानाने हे रान लहानच.

हे तीन शब्द हाताशी धरून आता लेवीय पंचविसावा अध्याय सावकाश वाचावा. आपण बहुधा योबेल वर्षासाठी या अध्यायाकडे जातो व तेविसाव्या वचनाशी थांबतो: जमीन कायमची विकायची नाही, कारण ती परमेश्वराची आहे, आणि इस्राएल लोक त्याच्याजवळ राहणारे परके व उपरे आहेत. त्याआधी चौदा ते सोळा या वचनांत विक्रीचा खरा अर्थ उलगडून सांगितला आहे. विकणारा भुई विकत नाही. योबेलापर्यंत जितकी पिके निघतील तितकी पिके विकतो. म्हणून वर्षे जास्त तर मोल जास्त, वर्षे कमी तर मोल कमी. आपल्या भाषेत याला दीर्घ मुदतीचा खंडच म्हणावे लागेल.

परंतु याही आधीचे सातवे वचन आपल्या डोळ्यांखालून निसटते. सातव्या वर्षी भुई पडीक ठेवायची. आपोआप उगवेल ते कोणी खायचे याची तेथे यादी आहे. धनी, दास, दासी, मजूर, परका, पाळीव गुरे, आणि देशातील वन्य पशू. जमीन कशी विकावी हे ज्या अध्यायात सांगायचे आहे, त्या अध्यायाच्या तोंडाशीच त्या जमिनीवर कोण कोण जेवते हे सांगून ठेवले आहे. हरिण येथे शिकारीचे सावज म्हणून आलेले नाही, पंगतीतील एक पान म्हणून आले आहे. नियमशास्त्राने शिकारीस बंदी केलेली नाही. हरिण व सांबर खाण्याची मोकळीक आहे. तरी शिकार करणाऱ्याने त्या प्राण्याचे रक्त ओतून मातीने झाकावे, अशी आज्ञा लेवीय १७:१३ मध्ये आहे. रानात एकटा असलेला, कोणी पाहत नसलेला शिकारी गुडघे टेकून माती लोटतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. जीव त्याचा नव्हता, एवढे त्याने त्या मातीपाशी कबूल करायचे आहे.

शास्त्रातील प्रसिद्ध शिकारी एसाव हा शास्त्रातील प्रसिद्ध विक्रेताही आहे. रानातून थकून आलेल्या त्या मनुष्याने मसुरीच्या वरणासाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकला, आणि त्यासाठी वापरलेले इब्री क्रियापद लेवीय पंचविसाव्या अध्यायातील जमीनविक्रीचेच आहे. पुढे त्याचा कळप एवढा वाढला की दोघा भावांची गुरे एका मुलुखात मावेनात, म्हणून तो सेईरास निघून गेला (उत्पत्ती ३६:६-८). भूक लागलेली असताना विकणे, हा या गोष्टीतला अनर्थ आहे. मंडळ्याही भुकेल्या असतात. पगार थकलेले असतात, छप्पर गळत असते, आणि दाराशी खरेदीदार उभा असतो.

आता बत्तीस ते चौतीस ही वचने. तटबंदीच्या नगरातील घर वर्षभरात सोडविले नाही तर कायमचे जाते. उघड्या खेड्यातील घर भुईप्रमाणे धरायचे. ते योबेलात परत येते. लेव्यांची घरे केव्हाही सोडविता येतात. हे सर्व विकता येते. काळाची मर्यादा घालून, पण विकता येते. एकच गोष्ट मुळीच विकायची नाही असे चौतिसावे वचन म्हणते, आणि ती म्हणजे लेव्यांच्या नगरांचे चराईचे रान. येथे 'सादे' आणि 'मिग्राश' हे दोन्ही शब्द जोडून आले आहेत. देवळाचे नाव नाही, वेदीचे नाव नाही. अख्ख्या अध्यायातील निरपवाद मनाई पडली आहे ती गुरांच्या कुरणावर.

असे का असावे? लेव्यांना इतर वंशांसारखे वतन नव्हते. धान्य त्यांना दशमांशातून मिळे, तेव्हा स्वतःचे म्हणण्याजोगे दूध आणि लोकर तेवढी त्या कुरणावर पिके. शिवाय नगरातील एका कुटुंबाने आपला हिस्सा विकला तर उरलेल्यांच्या गुरांनी कोठे जावे? शेताचे तुकडे पाडता येतात. कुरणाचे पाडले तर ते कुरण राहत नाही. गुरे चालत चालत चरतात, ही साधी गोष्ट या नियमामागे आहे. म्हणून ते रान एका माणसाचे नसून सगळ्या नगराचे, आणि एका पिढीचे नसून सर्व पिढ्यांचे, असे त्या वचनात कारणासह सांगितले आहे.

येथे यिर्मयाचा दाखला कोणी पुढे करील. अनाथोथ हे याजकांचे नगर होते (यहोशवा २१:१८), आणि यिर्मयाने तेथील रान सतरा शेकेल रुपे तोलून घेतले. मात्र घेणारा आणि विकणारा हे चुलत भाऊ होते, व सोडवून घेण्याचा हक्क यिर्मयाचा होता, असे तो अध्याय आग्रहाने सांगतो. बाबेलचे सैन्य वेढा घालून बसले होते आणि संदेष्टा पहाऱ्याच्या चौकात बंदीत होता. त्या दिवशी त्या रानाला बाजारात किंमत नव्हती. घराबाहेर जाऊ पाहणारी जमीन त्याने घरात राखली. लेवीय चौतिसाव्या वचनाच्या विरुद्ध त्याने काही केले असे मला वाटत नाही.

आता सर्वांत कठीण दाखला. बर्णबा हा कुप्र बेटात जन्मलेला लेवी होता, आणि त्याने आपले रान विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवले (प्रे. कृत्ये ४:३६-३७). लूक त्या जमिनीला 'आग्रोस' म्हणतो. लेवीय २५:३४ च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, जे विकायचे नाही त्या रानासाठी 'आग्रोस' हाच शब्द आहे. लूक ते भाषांतर वाचून वाढलेला लेखक होता. त्याने हा शब्द जाणूनबुजून निवडला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण तो साधा, रोजच्या वापरातील शब्द आहे. पण लेवी, रान आणि विक्री हे तिन्ही एका वाक्यात आल्यावर यहूदी वाचक दचकला असेल. मग बर्णबाने नियम मोडला काय? आधीचे दोन वचनांचे वर्णन पाहावे: त्यांच्यात कोणालाही उणे नव्हते, कारण विकलेल्याचे मोल ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटले जात असे. चराईचे रान ज्यांना जगविण्यासाठी राखले होते, त्यांच्यासारख्याच वतन नसलेल्यांकडे ते मोल गेले. मोठ्या कुरणाच्या जागी मोठी पंगत बसली. आणि लगेच पुढच्या अध्यायात हनन्या व सप्पीरा येतात. त्यांनीही जमीनच विकली होती. पेत्राने विक्रीबद्दल त्यांना दोष दिला नाही. मोलाचा काही भाग मागे ठेवून सगळे दिल्याचा जो आव आणला, त्याबद्दल दिला.

वाचकहो, येथे एक कबुली दिल्यावाचून हा अभ्यास प्रामाणिक होणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जुन्या मिशन कंपाउंडच्या मागील मोकळा तुकडा विकण्याचा ठराव ज्या समितीपुढे आला, तिचा मी सभासद होतो. ते गाव व ती संस्था यांचे नाव येथे आवश्यक नाही. इब्री व ग्रीक जाणणारा म्हणून मला एखादे वचन वाचण्यास सांगण्यात आले. मी बर्णबाचे वचन वाचले. लेवीय चौतिसावे वचन मला ठाऊक नव्हते असे नाही; त्या दिवशी ते मला आठवावेसे वाटले नाही. मी हात वर केला. आलेल्या पैशातून थकलेली देणी भागली, उरलेल्या जागेला भिंत झाली. गरजवंतांना काय वाटले याची नोंद इतिवृत्तात नाही, कारण वाटलेच नाही.

त्या तुकड्यावर गावचा राउत बरदी घेऊन येत असे. छत्तीसगडात गुराखी समाजाला राउत आणि गावच्या गुरांच्या कळपाला बरदी म्हणतात. सकाळी गुरे जेथे गोळा होतात ती जागा दैहान. पेरणीच्या दिवसांत गुरे मोकळी सोडायची नाहीत, असा गावाने मिळून करावयाचा ठराव येथे 'रोका-छेका' या नावाने चालत आला आहे. एवढी व्यवस्था कुरणाभोवती उभी असते. भिलाईचा कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली. त्यासाठी जी खेडी गेली त्यांच्या शेतांचा मोबदला कोणाच्या तरी नावे लिहिता आला असेल. सामाईक चराईचा मोबदला कोणाच्या नावे लिहावा? आमच्या सेक्टरांतील रस्त्यांवर भर दुपारी बसलेल्या गाई पाहिल्या की मला हा प्रश्न पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करून त्या गावाला परत देण्याविषयी सर्व राज्यांना आदेश दिले, तेव्हा पुष्कळांना तो नवा विचार वाटला.

आपल्या मंडळीपुढे जमीन विकण्याचा प्रश्न असेल, आणि अनेक ठिकाणी तो आहे, तर माझी एक विनंती आहे. ठरावापूर्वी एका सायंकाळी हे तीन शास्त्रपाठ एकत्र वाचावेत, आणि सातव्या वचनातील यादी आपल्या जागेपुरती कागदावर उतरवून काढावी: तेथे आज कोण राबते, कोण पाणी नेते, कोणाची गुरे येतात, झाडांवर काय राहते. मग बर्णबाचे वचन वाचावे व पैसा कोणाकडे जाणार हे त्याच कागदावर लिहावे. सोबत जुने दानपत्र पाहावे. ज्यांनी जमीन दिली त्यांनी ती कशासाठी दिली हे बहुधा पहिल्याच पानावर असते. मध्य प्रदेश व छत्तीसगड येथील मंडळ्यांनी आणखी दोन कागद पाहावेत. १९५९ च्या भूराजस्व संहितेनुसार गावाचे निस्तार-पत्रक असते. सरकारी पडीक जमिनीवर चराई, जळण इत्यादींचे गावाचे हक्क त्यात असतात. आणि सरकारच्या मालकीची नसलेल्या जमिनीवर व पाण्यावर गावाची जी वहिवाट आहे ती 'वाजिब-उल-अर्ज' या दप्तरात नोंदलेली असते. मिशनची जमीन या दुसऱ्या प्रकारात येते.

आमच्या त्या तुकड्याविषयीचे हे दप्तर मी पाहिले, ते विक्रीला दोन वर्षे उलटून गेल्यावर. त्यात गावच्या गुरांच्या चराईची नोंद होती.